वाचकांचे प्रश्न: माझ्या उंचीला ड्रायव्हर किती इंची?

गेल्या अंकात गोल्फच्या ड्रायव्हरच्या, म्हणजे टीवरून सगळ्यात लांब मारायच्या क्लबच्या (काठीच्या), लॉफ्टवर लिहिलं होतं (लॉफ्ट म्हणजे फेसचा, बॉलला लागणाऱ्या बाजूचा, मागचा कल), त्यावर आलेले मेल आणि मेसेज बघितले तर लॉफ्टबद्दल कोणी फारसं विचारलेलंच नाहीये, सगळ्यांचं एकच, माझी उंची अमुक आहे तर ड्रायव्हर किती इंची घेऊ. म्हणून या वेळचं पान सगळं लांबीलाच देतोय. नाव छापू नका असं बऱ्याच जणांनी कळवलंय (क्लबात चिडवतात म्हणे), त्यामुळे फक्त गाव दिलंय.

प्रश्न: माझी उंची ५ फूट ४ इंच, वय ४१, हँडिकॅप २६ (आकडा जेवढा मोठा तेवढा खेळ कच्चा). दुकानातून नवा ड्रायव्हर घेतला, लांबी ४५.७५ इंच. कधीतरी असा लागतो की स्वतःलाच विश्वास बसत नाही, पण बहुतेक बॉल उजवीकडे रफमध्ये (वाढलेल्या गवतात). मित्र म्हणतो तू बुटका आहेस, तुला हा लांब पडतो. दुकानदार म्हणतो हाच स्टँडर्ड आहे, सवय होईल. नेटवर उंचीचे तक्ते बघितले तर प्रत्येक ठिकाणी वेगळे आकडे. कोणाचं ऐकू? (पुणे)

मित्राचं ऐका, फक्त त्याने दिलेलं कारण सोडून द्या. क्लब लांब आहे हे त्याचं बरोबर आहे, पण तुम्ही बुटके आहात म्हणून नाही. हाच क्लब ५ फूट १० इंचवाल्या, तुमच्याच हँडिकॅपच्या माणसाच्या हातात दिला तरी त्यालाही बहुतेक लांबच पडेल.

आता उंचीचं बघू. क्लब आपण डोक्याने धरत नाही, हाताने धरतो, त्यामुळे कामाचं अंतर आहे ते मनगटापासून जमिनीपर्यंतचं. उंच माणसाचे हात पण लांब असतात, त्यामुळे दोन माणसांच्या उंचीत १० इंचांचा फरक असला तरी मनगटाच्या मापात तो साधारण निम्म्यावर येतो. रेडीमेड शर्ट घेताना कॉलरचा नंबर बरोबर असूनही बाही लोंबते ना, तसंच आहे हे, एक माप बरोबर असलं म्हणून दुसरं बरोबर असेलच असं नाही. पिंगसारखी क्लब बनवणारी कंपनी आयर्नचं (ड्रायव्हरपेक्षा आखूड, धातूच्या पात्याच्या क्लबचं) फिटिंग करताना उंची आणि मनगटाचं माप दोन्ही विचारते ते उगाच नाही.

माप घरी घेता येतं. गोल्फचे शूज घाला, फरशीवर सरळ उभे राहा, खांदे सैल, हात नुसते लोंबकळत सोडायचे आणि मुख्य म्हणजे खाली बघायचं नाही कारण खाली बघितलं की खांदा उतरतो आणि माप चुकतं, मापायला दुसरं कोणीतरी घ्या. मनगटावर हात दुमडला की जी घडी पडते तिथून सरळ फरशीपर्यंत टेप लावायची. दोन्ही हातांचं घ्या, थोडाफार फरक येतोच.

जुन्याजाणत्या क्लबमेकर लोकांचा एक तक्ता आहे तो साधारण असा जातो, माप ३२ ते ३४ इंच असेल तर ड्रायव्हर ४३, ३४ ते ३६ ला ४३.५, ३६ ते ३७ ला ४४, आणि पार ४० इंचाच्या वर गेलात तरच ४५ किंवा त्याहून जास्त. तुमचं माप माझ्या अंदाजाने ३२-३३ च्या आसपास निघेल. म्हणजे तक्ता सांगतो ४३ आणि तुमच्या हातात आहे ४५.७५, जवळजवळ पावणेतीन इंच जास्त. आणि गंमत बघा, तक्त्यात अगदी सहा फुटी माणसाला पण दुकानातली लांबी बसत नाही!

मग दुकानात एवढा लांब का ठेवतात? कारण यार्ड विकले जातात, फेअरवे (मधला कापलेल्या गवताचा पट्टा, जिथे सरळ बॉल पडतो) नाही विकला जात. ऐंशीच्या दशकापर्यंत लाकडी डोकं आणि स्टील शाफ्टचा (दांड्याचा) ड्रायव्हर ४३ इंची असायचा. पुढे ग्रॅफाइटची हलकी शाफ्ट आली, टायटॅनियमचं पोकळ डोकं आलं, वजन वाचलं आणि ते वाचलेलं वजन कंपन्यांनी लांबीत घातलं, कारण लांब क्लबचं डोकं मोठ्या वर्तुळात फिरतं, तेवढाच वेग जास्त. हे गणित खोटं नाहीये. फक्त त्यात एक अट बारीक अक्षरात आहे की बॉल फेसच्या मधोमध लागला पाहिजे. दुकानातल्या सिम्युलेटरवर आपण पंधरा-वीस बॉल मारतो, त्यातला एक चिकटतो, स्क्रीनवर मोठा आकडा येतो आणि आपण त्या एका आकड्याचे पैसे देऊन घरी येतो. बाकीच्या बॉलचं काय झालं ते कोणी लक्षात ठेवत नाही, दुकानदार तर नाहीच नाही.

आणि जे लोक पोटासाठी खेळतात ते काय वापरतात? पीजीए टूरवर (अमेरिकेतली व्यावसायिक स्पर्धांची मालिका) बरेच जण ४४.५ ते ४५.२५ च्या मध्ये कुठेतरी आहेत, म्हणजे तुमच्यापेक्षा आखूड. टायगर वूड्स सुरुवातीची कितीतरी वर्षं ४३.५ इंची स्टील शाफ्टवर खेळला. रिकी फाउलरने २०१७ मध्ये स्वतःचा ड्रायव्हर कमी करून ४३.५ वर आणला. ज्यांना दिवसाला शेकडो बॉल मारायला मिळतात ते आखूड करतायत आणि आपण रविवारच्या रविवार खेळणारे सगळ्यात लांब क्लब घेऊन टीवर उभे राहतोय.

आता लगेच करवत काढू नका. आधी रेंजवर (सरावाच्या मैदानावर) एक टेस्ट करा, खर्च पावडरच्या डब्याचा. पायाला मारतात तो पावडर स्प्रे मेडिकलमध्ये मिळतो, तो फेसवर हलकासा मारायचा, फेस पांढरा होतो आणि बॉल लागला की डिंपलच्या ठिपक्यांसकट गोल डाग उठतो. १० बॉल मारा, न पुसता, आणि मग क्लब उलटा करून बघा. डाग एका रुपयाच्या नाण्याभोवती घोळका करून असतील तर लांबी तुम्हाला चालतेय, विषय संपला. पण एक डाग हीलला म्हणजे शाफ्टच्या बाजूला, दुसरा पार टोला म्हणजे शाफ्टपासून लांबच्या टोकाला, तिसरा खाली कडेला, असे तांदूळ सांडल्यासारखे पसरले असतील तर क्लब तुमच्या ताब्यात नाही. तुमचे बॉल उजवीकडे जातायत म्हणजे हीलकडचे डाग जास्त दिसतील असा माझा अंदाज, कारण मोठ्या डोक्याच्या ड्रायव्हरवर हीलला लागलेल्या बॉलला उजवीकडे वळणारी फिरकी मिळते आणि टोला लागलेल्याला डावीकडे. तुम्ही इतके दिवस ज्याला स्विंगचा म्हणजे क्लब फिरवण्याचा दोष समजून डोकं खाजवताय तो कदाचित अर्धा तरी बॉल कुठे लागतोय याचा दोष असेल.

मग फेस पुसा, परत स्प्रे मारा, आणि ग्रिपवर हात एक इंच खाली धरून १० मारा. मग दीड इंच खाली धरून. ज्या लांबीला डाग गोळा होतात ती तुमची लांबी. उत्तर अगदी अचूक नाही येणार, कारण ग्रिप खाली बारीक होत जाते आणि डोकं हलकं वाटतं, पण दिशा कळते. क्लबमेकरच्या कार्यशाळेत जायच्या आधी एवढं केलंत तर समोरच्याला पण तुमच्याशी बोलायला बरं पडतं.

तुम्हाला मी काय सांगेन? सरळ ४३ नको. हल्लीची डोकी लांब शाफ्टसाठी हलकी बनवलेली असतात, एवढं कापलं तर क्लबला दमच राहत नाही (का ते खाली खारघरच्या प्रश्नात आहे). ४४ ते ४४.२५ वर या, डोक्याचं वजन नीट करून घ्या, आणि पाच-सहा राऊंड खेळा. स्लाइस (बॉलचं उजवीकडे वळणं) पूर्ण जाईल असं वचन मी देत नाही, स्विंग तुमचाच आहे.

हो आणि पावडर फक्त प्रॅक्टिसला. स्पर्धेच्या राऊंडमध्ये फेसला काही फासून खेळलात तर नियमात अडकाल.

प्रश्न: उंची ६ फूट २ इंच, शरीरयष्टी दणकट. मुंबईला गेलो की खेळतो. सगळे म्हणतात तुला ४७ इंची बनवून घे, ३०० यार्ड जाईल. नियमात बसतो का? आणि खरंच फायदा होईल का? (नाशिक)

नाशिककरांचं मला नेहमी वाईट वाटतं, शहराच्या मधोमध गोल्फ क्लब मैदान आहे आणि तिथे रणजीचं क्रिकेट चालतं, गोल्फ सोडून सगळं. असो.

नियमात बसतो. रूल्स ऑफ गोल्फप्रमाणे पटर (बॉल होलमध्ये ढकलायचा क्लब) सोडून कुठलाही क्लब ४८ इंचांपेक्षा लांब नको आणि १८ पेक्षा आखूड नको. तुम्ही जे ऐकलं असेल ते ४६ इंचांचं प्रकरण वेगळं आहे, तो जानेवारी २०२२ पासूनचा लोकल रूल आहे, मोठ्या प्रोफेशनल आणि वरच्या दर्जाच्या स्पर्धांनी हवा तर लावायचा. पीजीए टूरने लावला. तुमच्या क्लबच्या महिन्याच्या स्पर्धेत कमिटीने मुद्दाम लावला नसेल तर ४७ वाल्याला कोणी हरकत घेऊ शकत नाही.

फायद्याचं म्हणाल तर दोन उंच माणसं बघा. फिल मिकेलसन, ६ फूट ३ इंच, २०२१ मध्ये वयाच्या ५० व्या वर्षी पीजीए चॅम्पियनशिप जिंकला तेव्हा त्याचा ड्रायव्हर जवळपास ४८ इंची होता. वा! पण जिमी वॉकर, तो ६ फूट २ इंच, बरोब्बर तुमच्या उंचीचा, आणि तो पण पीजीए चॅम्पियन, २०१६ चा, तो २०१७ च्या सुरुवातीला ४२ इंची ड्रायव्हर घेऊन उतरला. बेचाळीस! एवढा तर कित्येकांचा थ्री-वूड (ड्रायव्हरच्या खालोखालचा क्लब) असतो. दोघांच्या उंचीत एका इंचाचा फरक आणि ड्रायव्हरमध्ये सहा इंचांचा. म्हणून उंचीच्या तक्त्याने ड्रायव्हर ठरवायचा म्हटलं की मला हसू येतं.

तुमच्या मनगटाचं माप ३७ च्या आसपास आलं तर ४४.५ पासून सुरुवात करा, दुकानातला ४५.५ सुद्धा चालून जाईल कदाचित. उंच लोकांचा खरा घोळ ड्रायव्हरमध्ये नसतो, आयर्नमध्ये असतो, तिथे स्टँडर्ड क्लबने तुम्हाला कमरेतून जास्त वाकावं लागतं, पाठ धरते, आणि लाय अँगल (शाफ्टचा जमिनीशी कोन) पण बिघडतो. पैसे घालायचेच असतील तर आधी तिथे घाला. ३०० यार्डांचं जे म्हणतायत त्यांना आधी स्वतःचे किती जातात ते विचारा.

प्रश्न: ड्रायव्हर ४५.७५ वरून ४४.५ करायचाय. ओळखीचा एक जण म्हणतो पाच मिनिटांचं काम आहे, ग्रिपच्या बाजूने कापू आणि नवी ग्रिप चढवू. पण क्लबातल्या एका सिनियरने घाबरवलंय की क्लबची वाट लागेल. नक्की काय? (खारघर)

दोघंही बरोबर आहेत. काम पाच-दहा मिनिटांचंच आहे आणि नुसतं तेवढंच केलं तर क्लबची वाट पण लागते.

ग्रिपच्या बाजूनेच कापायचं, टिपच्या म्हणजे डोक्याच्या बाजूने नाही. टिप कापली की शाफ्टचा कडकपणा चांगलाच वाढतो, शिवाय हल्लीच्या ड्रायव्हरला तिथे अ‍ॅडॉप्टर चिकटवलेला असतो (शाफ्ट आणि डोकं जोडणारा तुकडा), त्याला हात लावायचं कारणच नाही. ग्रॅफाइट आहे म्हणजे प्लंबरचा पाइप कटर अजिबात नको, तो दाबून कापतो आणि आतले धागे चिरडतात. कापायच्या जागी मास्किंग टेपचे दोन-तीन वेढे घट्ट मारायचे, टेपवरच खूण करायची, बारीक दातांचं ब्लेड घ्यायचं आणि शाफ्ट हळूहळू फिरवत चारी बाजूंनी कापत यायचं. एका बाजूने घासत गेलात तर शेवटच्या टोकाला चिंधी निघते. मग पॉलिश पेपरने कड साफ. धूळ नाकात जाऊ देऊ नका, मास्क लावा.

इथपर्यंत सोपं. आता सिनियर काय म्हणत होते ते. क्लबचं एक स्विंगवेट असतं, म्हणजे एकूण वजन नाही, हातात फिरवताना डोकं किती जड लागतं ते. त्याचा वेगळा काटा असतो, ग्रिपच्या टोकापासून १४ इंचांवर टेकवून मोजतात आणि आकडा येतो सी ९, डी ०, डी ३ असा (सी ९ नंतर डी ०, जेवढं पुढे तेवढं डोकं जड), पुरुषांचे ड्रायव्हर बहुतेक डी २ ते डी ४ मध्ये असतात. हिशोब असा की अर्धा इंच कमी केला की सुमारे ३ पॉइंट उतरतात. तुम्ही सव्वा इंच काढताय, म्हणजे ७-८ पॉइंट गेले, डी ३ चा क्लब सी ५-सी ६ वर आला. हातात काठी धरल्यासारखं वाटायला लागतं, डोकं कुठे आहे तेच समजत नाही, मग माणूस घाई करतो, वरून ओढतो, आणि म्हणतो आखूड करून काही उपयोग झाला नाही. आखूड करण्याचा दोष नाहीये तो, काम अर्धवट सोडण्याचा आहे.

भरपाई डोक्याच्या बाजूला करायची. साधारण २ ग्रॅमला १ पॉइंट. म्हणजे तुम्हाला १५ ग्रॅमच्या आसपास लागेल. लोक म्हणतात लेड (शिशाची) टेप लावू, पण अर्धा इंच रुंदीची टेप चार इंच लावली तर २ ग्रॅमच्या आसपास भरते, १५ ग्रॅमसाठी अख्खा तळवा म्हणजे डोक्याची खालची बाजू टेपने मढवावी लागेल, दिसायला पण भिकार आणि पावसात सुटते ती वेगळीच. तुमच्या ड्रायव्हरला मागे किंवा तळाला स्क्रूवालं वजन असेल (हल्ली बऱ्याच मॉडेलला असतं) तर त्याच कंपनीचा जड स्क्रू मागवा, ८ ग्रॅमच्या जागी १८ किंवा २० चा, झालं काम. थोडं कमी पडलं तर तेवढ्यापुरती टेप. टेप नियमात चालते, फक्त राऊंड सुरू झाला की लावायची-काढायची नाही.

पूर्ण ७-८ पॉइंट परत मिळवलेच पाहिजेत असंही काही नाही. बऱ्याच जणांना डी ० ला छान वाटतं. ६ ग्रॅम घाला, खेळा, परत ४ घाला, खेळा. वजन वाढवलं की शाफ्ट जरा मऊ वाटते आणि कापल्याने जरा कडक झालेली असते, त्यामुळे फ्लेक्स (शाफ्टची लवचिकता) जवळपास होता तिथेच राहतो. अजून एक, नवी ग्रिप जुन्याच वजनाची घ्या, ५० ग्रॅमची. ग्रिप ४-५ ग्रॅम जड घेतली तर अजून एक पॉइंट गेलाच म्हणून समजा, आणि कारागीर हाताशी असेल ती चढवतो, हा अनुभव सगळीकडचा.

आणि एकदम सव्वा इंच कशाला कापताय? पाऊण इंच कापा, महिनाभर खेळा. कापलेला तुकडा परत जोडता येतो, एक्स्टेंशन घालून, पण ग्रॅफाइटमध्ये ते एक प्रकारचं ठिगळच.

प्रश्न: मी माझ्या मिस्टरांचा जुना ड्रायव्हर वापरते, ४५.५ इंची. माझी उंची ५ फूट २. लेडीज सेट घ्यायचा की हाच कापून घ्यायचा? कोच म्हणतात बायकांना लेडीजच घ्यायला हवा. (चेंबूर)

ताई, ‘लेडीज’ हे माप नाही, तो दुकानातल्या रॅकचा बोर्ड आहे. त्यात साधारण तीन गोष्टी एकत्र बांधून देतात, लांबी थोडी कमी म्हणजे ४४ ते ४४.७५, शाफ्ट हलकी आणि मऊ, लॉफ्ट जास्त. तुम्हाला त्यातल्या शेवटच्या दोन बहुतेक लागतील, तुमच्या स्विंगच्या वेगावर अवलंबून. मिस्टरांच्या क्लबची लांबी कापून कमी होईल, पण त्यातली ६०-६५ ग्रॅमची स्टिफ शाफ्ट आणि ९ डिग्रीचा लॉफ्ट तसाच राहील, त्याने बॉल उठणार नाही तुमचा. अ‍ॅडॉप्टर फिरवून लॉफ्ट एखाद-दीड डिग्रीने वाढतो, तेवढ्याने भागत नाही. म्हणून तो क्लब कापू नका, मिस्टरांनाच परत द्या, त्यांना पण बहुतेक तो लांबच पडत असणार.

उलट बाजू पण सांगतो म्हणजे कोणी तुमच्या उंचीवर बोललं तर उत्तर तयार राहील. कॅनडाची ब्रुक हेंडरसन, उंची ५ फूट ४ इंच, ती कितीतरी वर्षं ४८ इंची ड्रायव्हर वापरायची, नियमात बसणारा सगळ्यात लांब, आणि ग्रिपवर हात बराच खाली धरायची. मेजर (सगळ्यात मोठ्या स्पर्धांपैकी एक) जिंकली त्याच्यावर. पुढे ४६ चा नियम आला तेव्हा तिला बदलावा लागला. आणि आपली अदिती अशोक, टोकियो ऑलिंपिकमध्ये चौथी आली, मेडल अगदी हातातून गेलं, तिचा ड्राइव्ह त्या गर्दीत लांबीने सगळ्यात मागच्यांमध्ये होता. तिने ते स्कोअर पटरने आणि सरळ बॉलने केले.

तुमच्यासाठी: हलकी शाफ्ट ५० ग्रॅमच्या आत, लॉफ्ट १२ किंवा जास्त, लांबी ४३.५ ते ४४. दुकानात ‘सिनियर’ लिहिलेला पुरुषांचा क्लब पण बघा, कधीकधी तोच जास्त चांगला बसतो आणि रंग गुलाबी नसतो.

प्रश्न: मुलगा १० वर्षांचा, उंची ४ फूट ६ इंच. माझा जुना ड्रायव्हर त्याच्या मापाने कापून दिला तर? (कोल्हापूर)

नको. लांबी कमी होईल, डोकं मोठ्या माणसाचंच राहील, आणि कापून कापून उरलेली शाफ्ट म्हणजे लोखंडी पहार. पोरगं खांद्याने ढकलायला शिकतं आणि ती सवय पुढे जाता जात नाही. उंचीच्या तक्त्याची मी एवढी टिंगल केली पण मुलांसाठी मात्र तोच तक्ता बरोबर आहे, यूएस किड्ससारख्या कंपन्या दर ३ इंच उंचीला वेगळा सेट बनवतात, तुमच्या मुलाला ५४ इंच उंचीचा बसेल. एक-दोन वर्षांत आखूड होईल हे खरं, म्हणून सेकंडहँड घ्या, क्लबात विचारा, कोणाच्या तरी माळ्यावर पडलेला असतोच.

प्रश्न: माझ्या ड्रायव्हरच्या स्पेसिफिकेशनमध्ये ४५.५ लिहिलंय, मी घरी मोजला तर ४५ च भरतो. कंपनीने फसवलं का? (ठाणे)

बहुतेक तुम्ही डोक्याच्या चुकीच्या जागेपासून मोजलंय. रीत अशी आहे की क्लब जमिनीवर आडव्या सपाट जागेत ठेवायचा, तळवा ६० अंशाच्या उतारावर टेकवायचा आणि जिथे तो उतार जमिनीला मिळतो तिथपासून ग्रिपच्या टोपीच्या कडेपर्यंत शाफ्टच्या मागून मोजायचं. घरी ६० अंशाचा कोन शाळेच्या कंपासमधल्या गुण्याने धरता येतो. एवढं करूनही पाव इंच इकडेतिकडे येतं, कंपन्यांमध्ये पण तेवढा फरक असतो, त्यावरून भांडायला जाऊ नका.

प्रश्न: वय ६८, फौजेतून रिटायर. उंची ५ फूट ९. पूर्वी २३० यार्ड जायचा, आता १८५ गेला तरी खूश. एकाने ४६ इंची हलका ड्रायव्हर सुचवलाय, म्हणतो २० यार्ड वाढतील. तुम्ही सगळ्यांना आखूड करा सांगता, मला पण तेच का? (पुणे कॅम्प)

नाही काका, तुम्हाला कदाचित तेच नाही. आखूड क्लबचा फायदा त्याला जास्त होतो जो जोरात, घाईत आणि दर वेळी वेगळा स्विंग करतो. तीस-चाळीस वर्षं खेळलेल्या माणसाचा टेंपो बसलेला असतो, सावकाश मागे, सावकाश पुढे, बॉल बहुतेक मधेच लागतो, वेग तेवढा गेलेला असतो. अशा माणसाला लांब आणि खूप हलका क्लब पचतो. जपानी कंपन्या नेमके असे ड्रायव्हर बनवतात, ४० ग्रॅमची शाफ्ट, एकूण क्लबच हलका, आणि वयस्कर खेळाडू त्यावर खूश असतात.

पण २० यार्ड? गणित करून बघा. एक इंच लांबीने डोक्याचा वेग ताशी मैलभराने वाढला असं धरलं, आणि एका मैलाला अडीच यार्डाच्या आसपास, तर लांबीने तुमचे दोन-तीन यार्ड वाढतील. बाकीचं जे काही वाढेल ते शाफ्ट हलकी झाली म्हणून आणि लॉफ्ट वाढला म्हणून. आणि लॉफ्टचं तर मी आधी विचारलं असतं, तुमच्या बॅगेत अजून ९ डिग्रीचाच असेल तर आजच १०.५ किंवा १२ चा मारून बघा, तुमच्या वेगाला बॉल हवेत टिकलाच पाहिजे, विशेषतः पावसाळ्यात जेव्हा फेअरवेवर बॉल पडतो तिथेच रुततो आणि रोल नावाची गोष्ट नसते. पंचेचाळीस यार्ड गेलेत त्यातले निम्मे तरी लॉफ्ट आणि फ्लेक्स न बदलल्याने गेलेत असा मला दाट संशय आहे.

तो ४६ इंची कोणाकडून तरी दोन दिवस मागून घ्या. वर पहिल्या प्रश्नात सांगितलेली पावडर मारा. तुमचे डाग मधे राहिले तर बिनधास्त घ्या, आणि पाठीचं बघा, लांब क्लबने बॉल थोडा दूर ठेवावा लागतो, स्विंग चपटा होतो, काहींच्या कमरेला ते बरं पडतं, काहींच्या नाही. १८ होल पूर्ण खेळून बघा, रेंजवरच्या २० बॉलवर ठरवू नका, चौदाव्या होलनंतर हात थकल्यावर तो क्लब कसा वागतो तेच बघायचंय.

पुढच्या अंकात ग्रिपच्या जाडीबद्दल आलेली पत्रं घेतो. पत्र पाठवताना मनगटाचं माप, हँडिकॅप आणि क्लबचं मॉडेल लिहा, नुसती उंची पाठवली तर मी परत हेच उत्तर देईन.